मदत हवी आहे: पायरेट्सच्या पुढच्या हंगामाचा पास घ्यावा की नाही? (आणि स्कीन्सला मधेच का काढतात?)

अलेघेनीकाठी

नमस्कार मंडळी,

इथे बेसबॉल बघणारे फार नाहीत हे माहीत आहे. तरी धागा काढतोय, कारण ऑफिसात हा विषय निघाला की सगळे "नेहमीचंच आहे" म्हणून कॉफी आणायला उठतात आणि घरी निघाला की बायको रिमोट ताब्यात घेते.

मी पिट्सबर्गला असतो, त्यामुळे टीम पायरेट्स. ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: १९७९ नंतर वर्ल्ड सीरीज नाही. १९९३ ते २०१२ असे सलग २० हंगाम जिंकण्यापेक्षा हरणं जास्त. मग २०१३ ते २०१५ तीन वर्षं प्लेऑफ, त्यातल्या शेवटच्या वर्षी तर ९८ विजय. तेव्हापासून ठणठणगोपाळ.

अशा टीमच्या पदरात पॉल स्कीन्स हा पिचर (चेंडू टाकणारा) पडलाय. २०२३ च्या ड्राफ्टमधला (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतला) पहिला खेळाडू. २०२४ मध्ये रूकी ऑफ द इयर (सर्वोत्तम नवोदित). २०२५ मध्ये ३२ मॅचेस सुरू केल्या, १८७ पूर्णांक दोन तृतीयांश इनिंग टाकल्या, २१६ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद), ईआरए (दर नऊ इनिंगमागे त्याच्या खात्यावरच्या धावा) १.९७, आणि सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार एकमताने. त्याच्या नावावर विजय-पराजय किती? १०-१०! १८ मे ची फिलाडेल्फियातली मॅच बघा. गड्याने आठच्या आठ इनिंग एकट्याने टाकल्या, तीन हिट (बॅटरला बेस मिळवून देणारे फटके) दिल्या, एक धाव दिली. कारकिर्दीतली पहिली कंप्लीट गेम. आणि आपण हरलो १-०. आपल्या बॅटर लोकांना एक धाव जमली नाही.

आता मदत कशात हवी ते सांगतो. ११ जुलै २०२४ ची मिलवॉकीतली मॅच डोक्यातून जात नाही. स्कीन्सने सात इनिंग एकही हिट दिली नव्हती, ११ स्ट्राइकआउट होते. नो-हिटर (पूर्ण मॅचमध्ये एकही हिट न देणं) समोर दिसत असताना मॅनेजर डेरेक शेल्टनने त्याला बाहेर काढलं. आठव्या इनिंगला बुलपेनने (बदली पिचरनी) ती घालवलीच. मॅच १-० जिंकलो, पण मी तेव्हा टीव्हीसमोर जे बोललो ते इथे लिहिलं तर संपादक धागा उडवतील. हे असं का करतात?

दुसरं म्हणजे बबा चँडलर. ताशी १०० मैलांनी टाकणारा पोरगा, आणि त्याला २०२५ च्या २२ ऑगस्टपर्यंत इंडियानापोलिसला ट्रिपल-ए मध्ये (मेजर लीगच्या लगेच खालच्या पातळीवर) बसवून ठेवलं. तोवर हंगामाचे बारा वाजले होते. डेव्हिड बेडनार हा इथल्याच मार्स गावचा क्लोजर (शेवटच्या इनिंगला येणारा पिचर), त्याला ट्रेड डेडलाइनला (खेळाडूंच्या अदलाबदलीच्या शेवटच्या मुदतीला) यँकीजकडे पाठवला. त्याआधी मे मध्ये शेल्टनला हाकललं, त्याची मला हळहळ नाही. पण त्याच्या जागी डॉन केली आल्यावरही ७१-९१ वरच थांबलो. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे, हंगामाच्या सुरुवातीला मैदानाच्या उजव्या भिंतीवरचा, पायरेट्सचा दिवंगत दिग्गज रॉबर्तो क्लेमेंटे याचा २१ नंबर काढून तिथे दारूच्या कॅनची जाहिरात लावली होती! ओरड झाल्यावर नंबर परत आला, पण हे सुचतंच कसं? ती भिंत मुळात २१ फूट उंच बांधलीये ती त्याच्यासाठी.

मुलाला स्कीन्सचा वेड्यासारखा नाद आहे. त्याला पुढच्या वर्षी पास हवाय. माझं मन होत नाही. जाणकारांनी सांगावं, मी उगाच चिडतोय का?

---

डावखुरा

उगाच नाही चिडत आहात, पण आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी चाललंय तुमचं.

मिलवॉकीच्या त्या मॅचमध्ये सातव्या इनिंगअखेर त्याचे ९९ पिच (टाकलेले चेंडू) झाले होते. नो-हिटरसाठी आणखी सहा आउट हवे होते. सव्वाशेच्या पुढे नक्की गेला असता, तेही त्याचं मेजर लीगमधलं पहिलंच वर्ष असताना. हा पोरगा ताशी ९८-९९ मैलांनी टाकतो. थकलेल्या खांद्याने तोच वेग काढायला गेलं की सगळा ताण कोपराच्या आतल्या बाजूच्या लिगामेंटवर येतो. ते फाटलं की टॉमी जॉन सर्जरी, म्हणजे वर्ष ते दीड वर्ष घरी. तुमच्याच टीमच्या जॅरेड जोन्सच्या कोपराची २०२५ च्या मे मध्ये सर्जरी झाली, सगळा हंगाम गेला. तो स्कीन्सच्याच वर्षी आलेला.

शिवाय एकच पिचर तिसऱ्यांदा समोर आला की बॅटरना त्याचा अंदाज आलेला असतो, हे सगळ्या टीम्सच्या आकडेवारीत दिसतं. २०२० च्या वर्ल्ड सीरीजच्या सहाव्या मॅचमध्ये टॅम्पा बे रेजचा मॅनेजर केव्हिन कॅश याने पिचर ब्लेक स्नेलला याच हिशोबाने ७३ पिचवर काढलं. स्नेलने दोनच हिट दिल्या होत्या, नऊ स्ट्राइकआउट घेतले होते. पुढच्याच बॅटरने, मूकी बेट्सने, डबल (दोन बेसचा फटका) मारला आणि तिथून डॉजर्सनी मॅच आणि सीरीज दोन्ही घेतल्या. तो निर्णय मलाही पटलेला नाही, कारण ज्याला तिसऱ्यांदा सामोरं जायचं होतं त्या पहिल्या तिघांना स्नेलने आधी सहाच्या सहा वेळा स्ट्राइकआउट केलं होतं. आकडे सरासरीचे असतात, त्या रात्रीचा पिचर तुमच्या डोळ्यांसमोर असतो. पण स्नेलला ७३ वर काढणं आणि पहिल्या वर्षाच्या पोराला ९९ वर काढणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

जपून वापरलं म्हणजे खेळाडू टिकतोच असंही नाही, हे आधीच सांगून ठेवतो. वॉशिंग्टनने २०१२ मध्ये त्यांच्या स्ट्रासबर्ग या तरुण पिचरला प्लेऑफच्या तोंडावर थांबवलं. २०१९ ला तो वर्ल्ड सीरीजचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) झाला, मोठा करार मिळाला, आणि त्यानंतर सगळ्या मिळून आठ मॅचेस टाकून संपला. पण म्हणून १३० पिच टाकून घ्यायचे असं होत नाही.

तुम्हीच लिहिलंय बघा, फिलाडेल्फियाला त्याला कोणी काढलं नव्हतं. तरी हरलात. होम रन मारण्यात पायरेट्स २०२५ मध्ये सगळ्या ३० टीम्समध्ये तळाला होते. शेल्टनला काढणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

---

अलेघेनीकाठी

@डावखुरा, शेल्टन संन्यासी वगैरे काही नव्हता हो. १२-२६ होतो तेव्हा आम्ही. पण कोपराचा मुद्दा घेतला. जोन्सचं लक्षात होतं, तो धागा जुळवला नव्हता. चँडलरचं काय मग? त्याला तर कोणी टाकूच देत नव्हतं.

---

गोळाबेरीज

चँडलरचं मी सांगतो, रोजचं काम आकड्यांचंच आहे.

मेजर लीगमध्ये १७२ दिवस रोस्टरवर (टीमच्या यादीत) राहिलं की एक वर्षाची सेवा धरतात. सहा वर्षं भरली की खेळाडू फ्री एजंट, कुठेही जायला मोकळा. त्यामुळे चांगल्या पोराला थोडे आठवडे उशिरा बोलावलं तर टीमला तो जवळजवळ एक वर्ष जास्त मिळतो. स्कीन्सला मे २०२४ मध्ये बोलावलं ते तुम्हाला आठवत असेल. पण खेळाडू आणि मालकांच्या २०२२ च्या करारात एक कलम आलं: रूकी ऑफ द इयरच्या मतदानात पहिल्या दोनात आलेल्याला पूर्ण वर्षाची सेवा मिळते. स्कीन्स पहिला आला, वर्ष मिळालं, आणि तो २०२९ च्या हंगामानंतर मोकळा होतो. थोडक्यात, उशीर करून टीमने काहीच कमावलं नाही.

चँडलरच्या बाबतीत हिशोब वेगळा. रोस्टरवर ४५ दिवस किंवा ५० इनिंग झाल्या की 'रूकी' हा दर्जा जातो. आता २२ ऑगस्टपासून सप्टेंबरच्या शेवटापर्यंत दिवस मोजा. ४५ भरत नाहीत. म्हणजे २०२६ ला तो रूकीच. सुरुवातीपासून खेळवला आणि त्याने पुरस्कार जिंकला तर टीमला ड्राफ्टमध्ये एक जादा निवड मिळू शकते. आता त्याला याच कारणासाठी थांबवला असं मी म्हणणार नाही. मधल्या काळात ट्रिपल-ए मध्ये त्याचे वॉक (चार चुकीचे चेंडू टाकून बॅटरला फुकट दिलेला बेस) वाढले होते, ते कारणही खोटं नाही. पण तारीख अशी नेमकी जुळली की संशय येणारच.

आणि पैसा. बेसबॉलमध्ये पगाराला वरची मर्यादा नाही, खालचीही नाही. वर फक्त लक्झरी टॅक्स (ठरावीक खर्च ओलांडला की भरायचा कर). आयपीएलमध्ये सगळ्यांची पर्स सारखी आणि तिच्यातले किमान ७५ टक्के खर्च करावेच लागतात. इथे तसलं काही नाही. प्रत्येक टीम आपल्या स्थानिक उत्पन्नाचे ४८ टक्के सामायिक पेटीत टाकते आणि ती पेटी सारखी वाटली जाते. लहान शहराच्या टीमला त्यात घालण्यापेक्षा जास्त परत मिळतं. हरलात तरी मिळतं, कारण खालच्या लीगमध्ये ढकलण्याची पद्धतच नाही. हे पैसे टीमवर नीट खर्च होत नाहीत अशी तक्रार खेळाडूंच्या संघटनेने २०१८ मध्ये चार टीम्सविरुद्ध केली होती. त्यात पायरेट्स होते.

२०२५ मध्ये डॉजर्सचा पगारखर्च ३० कोटी डॉलरच्या वर, तुमचा १० कोटींच्या आत. पायरेट्सनी फ्री एजंटशी केलेला सगळ्यात मोठा करार आजही पिचर लिरियानोचा आहे: तीन वर्षं, ३ कोटी ९० लाख. कधीचा? डिसेंबर २०१४ चा. आता सांगा, स्कीन्सच्या मागे धावा काढायला कोण येणार?

---

माहेरवाशीण

विषयांतर होतंय, पण राहवत नाही. रिंकू सिंग आणि दिनेश पटेल आठवतात का कोणाला? टीव्हीवरच्या स्पर्धेतून निवडलेली उत्तर प्रदेशातली भालाफेक करणारी दोन पोरं. २००८ मध्ये त्यांना करारबद्ध करणारी टीम पायरेट्सच होती. मेजर लीगपर्यंत पोचली नाहीत, आणि रिंकू तर पुढे कुस्तीच्या शोमध्ये गेला. तेव्हा आमच्या नाशिकच्या घरी पहिल्यांदा कोणीतरी पिट्सबर्ग नकाशावर शोधलं होतं :)

चालू द्या.

---

डावखुरा

@गोळाबेरीज, सगळं मान्य, पण "पैसा नाही म्हणून" हे मालकांचंच आवडतं वाक्य आहे, ते आपण त्यांच्या तोंडात घालायला नको. मिलवॉकीची बाजारपेठ पिट्सबर्गपेक्षा मोठी नाही. त्यांची टीम त्याच डिव्हिजनमध्ये (गटात) आहे. त्यांनी कॉर्बिन बर्न्स आणि डेव्हिन विल्यम्स हे मोठे पिचर घालवले, तरी २०२५ मध्ये ९७ विजय, सगळ्या लीगमध्ये पहिला नंबर. पायरेट्स पिचर बरे घडवतात. बॅटर घडवता येत नाहीत ही त्यांची खरी रड आहे. बेन चेरिंग्टन २०१९ च्या अखेरीपासून जनरल मॅनेजर आहे. एवढ्या काळात घरचा एक धड पॉवर हिटर उभा करता आला नाही. हे मालकाच्या खिशावर ढकलून चालणार नाही.

---

गोळाबेरीज

सहमत. पण त्याला इतकी वर्षं खुर्चीत कोणी ठेवलाय?

---

फ्रीमाँटकर

पासचं मला विचारा. आम्ही ओकलंड ए'ज या टीमचे, जिला मालक लास वेगासला न्यायच्या बेतात होता.

१३ जून २०२३ ला आमच्याकडे 'उलटा बहिष्कार' झाला. एरवी रिकामं असणारं कोलिझियम मुद्दाम भरायचं, म्हणजे "लोकच येत नाहीत" हे मालकाला म्हणता येऊ नये. २७,७५९ लोक आले. हिरव्या टीशर्टवर एकच शब्द: विका. ढोल, घोषणा, आणि टीमने मॅचही जिंकली. त्याच दिवशी नेवाडाच्या सिनेटने लास वेगासच्या स्टेडियमसाठी सरकारी पैसे मंजूर केले. सप्टेंबर २०२४ मध्ये कोलिझियमला शेवटची मॅच झाली, आता टीम सॅक्रामेंटोला भाड्याच्या घरात आहे.

तेव्हा बहिष्काराने मालक सुधारतो या भ्रमात राहू नका. तुमच्याकडेही "टीम विका" म्हणून ओरडून झालंय, मालक बॉब नटिंग जागचे हलले नाहीत. पण पास हा वेगळा विषय आहे. पास म्हणजे हंगाम सुरू व्हायच्या आधी पैसे त्यांच्या हातात, टीम कशी का असेना. ते मी करणार नाही. मुलाला मात्र जरूर न्या. पोराने स्कीन्स बघायचा नाही तर काय बघायचं? माझ्या पोराने आता टीम बदललीये, शेजारच्या सॅन फ्रान्सिस्कोची जायंट्स म्हणतो. घरात बोलत नाही आम्ही त्या विषयावर.

अजून एक. खेळाडूंचा आणि मालकांचा सध्याचा करार १ डिसेंबर २०२६ ला संपतोय. पगाराच्या मर्यादेवरून तेव्हा जोरदार भांडण होणार असं दिसतंय. २०२६ चं ठीक आहे, पण दोन-तीन वर्षांच्या पासची 'स्कीम' कोणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका.

---

अलेघेनीकाठी

सगळ्यांचे आभार. मिलवॉकीचं उदाहरण जिव्हारी लागलं, कारण खरं आहे.

पास घेत नाही. सुटी तिकिटं काढीन. पण मग एक अडचण: मुलाला स्कीन्सच्याच मॅचला जायचंय. तो कधी टाकणार हे आधी कसं कळणार? पैसे भरून गेलो आणि त्या दिवशी भलताच कोणी आला तर घरी माझी धडगत नाही.

---

डावखुरा

सोपं आहे. स्टार्टर (मॅच सुरू करणारा पिचर) साधारण दर पाचव्या-सहाव्या दिवशी येतो. त्याच्या मागच्या मॅचपासून मोजा, मधे टीमच्या सुटीचा दिवस असेल तर एक पुढे ढकला. दोन-तीन दिवस आधी लीगच्या वेळापत्रकात संभाव्य पिचरची नावं येतात, ती आल्यावरच तिकीट काढा. पायरेट्सच्या घरच्या मॅचेस एरवी भरत नाहीत, त्याच्या दिवशी जरा गर्दी असते, तरी तिकीट मिळतं. पाऊस असेल तर थांबा. सुरुवातीलाच तासभर खेळ अडला तर त्याचा हात गार पडलेला असतो म्हणून त्याला परत आणत नाहीत, आणि तुम्ही पुन्हा इथे धागा काढाल.

शक्यतो मे नंतरची मॅच धरा. एप्रिलमध्ये नदीवरून येणारं वारं सोसत नाही. आणि क्लेमेंटे पूल मॅचच्या दिवशी गाड्यांना बंद असतो, डाउनटाउनला गाडी लावून पोराला चालत न्या.