अक्षय तृतीया ते बुद्धपौर्णिमा : कोल्हापुरात मुलांना आणि सासूबाईंना काय दाखवावे?

माहेरवाशीण

नमस्कार. माझे माहेर मंगळवार पेठेतले आणि सासर ठाण्याचे. यंदा बऱ्याच वर्षांनी उन्हाळी सुट्टीत सलग बारा-तेरा दिवस कोल्हापुरात राहण्याचा योग आला आहे. अक्षय तृतीयेला सकाळी पोहोचायचे आणि बुद्धपौर्णिमा झाली की परतायचे, असा बेत आहे. बरोबर बारा वर्षांची मुलगी, आठ वर्षांचा मुलगा आणि अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई आहेत. अंबाबाईचे दर्शन सोडले तर सासूबाईंनी कोल्हापूर पाहिलेलेच नाही.

आमच्या लहानपणी सुट्टीचा बेत असा कुणी आखत नसे. सकाळी पंचगंगेवर नाहीतर मामाच्या मळ्यातल्या विहिरीत डुंबायचे, दुपारी वाड्याच्या सोप्यात पत्ते कुटायचे आणि संध्याकाळी रंकाळ्यावर भेळ खायची, एवढ्यात दोन महिने सरत. आता तो वाडा राहिला नाही. भाऊ राजारामपुरीत तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि मुले तिथे दोन दिवसांत कंटाळतील, ही मला धास्ती आहे. गेल्या वर्षी ठाण्यात दोघांना एका उन्हाळी शिबिरात घातले होते. तिथे दहा दिवस एका सभागृहात बसवून त्यांच्याकडून कागदाच्या टोप्या करून घेतल्या. अकराव्या दिवशी मुलीने विचारले, "आई, आता सुट्टी कधी लागणार?"

दुसरी अडचण उन्हाची आहे. मागे एकदा आम्ही ऐन दुपारी पन्हाळ्यावर गेलो आणि तीन दरवाजापाशी सासूबाईंना भोवळ आली, त्यामुळे त्या गडाचे नाव काढले तरी त्या आता हात जोडतात. शहरात आणि आसपास या दिवसांत नेमके काय चालू असते, कोणत्या वेळी कुठे जावे आणि आमच्या वेळचे काय अजून शिल्लक आहे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

शिवाजी पेठकर

ताई, आधी तुमची तिकिटे एक दिवस अलीकडची करून घ्या. परंपरेने साजरी होणारी शिवजयंती वैशाख शुद्ध द्वितीयेला, म्हणजे अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी असते. मंगळवार पेठेच्या लेकीला हे विसरायला झाले, याचे शिवाजी पेठेला फारसे आश्चर्य वाटत नाही. पण ते असो. त्या दिवशी पेठापेठांतून जन्मकाळाचा पाळणा म्हटला जातो, मिरवणुका निघतात आणि मुख्य म्हणजे मर्दानी खेळ पाहायला मिळतात. लाठी, पट्टा, फरी-गदगा (ढाल आणि छडी) हे सगळे पाहण्यासारखे असतेच, पण मुलांची नजर विट्यावर ठेवा. विटा म्हणजे दोरी बांधलेला भाला. दोरीचे दुसरे टोक खेळणाऱ्याच्या मनगटाला असते. तो भाला फेकतो आणि समोरच्याला काही कळायच्या आत दोरीने खेचून पुन्हा हातात घेतो. सुट्टीत शहरातल्या आखाड्यांमधून मुलामुलींना हे खेळ शिकवतात. बारा दिवसांत पट्टा काही हाती लागायचा नाही, पण लाठीचे पहिले चार हात तुमच्या मुलीला नक्की येतील, आणि कागदाच्या टोप्यांपेक्षा ते केव्हाही बरे.

जोतिबाची चैत्र यात्रा आणि तिच्या दुसऱ्या दिवशी निघणारा अंबाबाईचा रथ, हे दोन्ही चैत्र पौर्णिमेच्या सुमारास होत असल्याने या वेळी तुमच्या हातून निसटले आहेत. त्याची थोडी भरपाई अक्षय तृतीयेला होईल. त्या दिवशी अंबाबाईची झोपाळ्यातली पूजा बांधतात. सासूबाईंना तेव्हाच मंदिरात न्यावे, मात्र सकाळी लवकर. दुपारी आवारातली फरशी इतकी तापते की चपला काढल्यावर माणूस देवीकडे चालत जात नाही, पळत जातो.

मुलाला एकदा पहाटे तालमीत घेऊन जा. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी यांपैकी कोणतीही चालेल; आदल्या दिवशी वस्तादांना विचारून ठेवावे म्हणजे झाले. हौद्यातल्या तांबड्या मातीत ताक, लिंबू, हळद आणि तेल घालतात, त्यामुळे आत पाऊल टाकल्याबरोबर येणारा वास दुसरीकडे कुठेही येत नाही. त्यानंतर खासबाग मैदान दाखवा. शाहू महाराजांनी १९०२ साली युरोपच्या दौऱ्यात रोमचे कलोसियम पाहिले आणि त्यावरून खासबागेची कल्पना घेतली. मैदान १९१२ साली पूर्ण झाले. कुस्ती चालू नसली तरी हरकत नाही. मुलाला सर्वांत वरच्या पायरीवर बसवा आणि तुम्ही खाली हौद्यापाशी उभ्या राहा. मध्ये एकही खांब नाही आणि कुठूनही पाहणाऱ्याची नजर अडत नाही, हे त्याला न सांगता कळेल.

शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा बाद फेरीचा सामना असेल तर तो चुकवू नका. आमच्या पेठेविरुद्ध तुमच्या पेठेचा सामना असेल, तर सासूबाईंना मात्र घरी ठेवा.

आता वेळेविषयी. कोल्हापूरचा उन्हाळा सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतर, असा दोन तुकड्यांत जगायचा असतो. मधला वेळ छपराखाली काढावा. रंकाळ्याला पूर्ण फेरी मारायची तर सुमारे चार किलोमीटर चालावे लागते, म्हणून ती सकाळी मारा. उन्हाळ्यात पाणी जसजसे उतरते तसतसा तळ्यातला संध्यामठ, म्हणजे जुना दगडी मंडप, अधिक उघडा पडतो आणि पावसाळ्यात न दिसणारे दगडी काम डोळ्यांना दिसते. संध्याकाळी त्याच काठावर भेळ आहेच. रात्री जेवण झाल्यावर गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर जा. समोर म्हैस पिळून फेसाळ दुधाचा पेला हातात देतात. तुमच्या मुलांनी दूध आजवर पिशवीतूनच आलेले पाहिले असेल.

टाऊन हॉलजवळची

मी शाळेत इतिहास शिकवत असे, त्यामुळे शिवाजी पेठकरांनी छपराखाली काढायला सांगितलेला मधला वेळ मी मागून घेते. दुपारी दगडी इमारतींत जावे, असा माझा अनुभव आहे. टाऊन हॉलची इमारत १८७२ ते १८७६ या काळात बांधली गेली. तिच्या जाड भिंती आणि भोवतालची मोठी झाडे यांमुळे आत शिरताच जिवाला थंड वाटते. तिथल्या संग्रहालयात १९४५-४६ साली पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकाडावर झालेल्या उत्खननातील वस्तू आहेत. सगळी दालने मुलांना फिरवू नका. मुले तिसऱ्या दालनात जांभया देऊ लागतात, हे मी तीस वर्षे पाहिले आहे. थेट पोसायडनच्या काशाच्या मूर्तीपाशी जा. ही मूर्ती छोटीशी आहे. ग्रीकांचा हा समुद्रदेव हात उंचावून उभा आहे आणि त्या हातातला त्रिशूळ केव्हाच हरवला आहे. समुद्रापासून इतक्या आत, घाटाच्या अलीकडे, हा देव आला कसा, एवढा एकच प्रश्न मुलांना विचारावा आणि उत्तर त्यांनाच शोधू द्यावे. माझ्या वर्गातल्या एका मुलाने "पुरात वाहत आला" असे ठणकावून सांगितले होते. पंचगंगेचा पूर पाहिलेल्या मुलाचे ते उत्तर मला चुकीचे म्हणवले नाही. मग पंधरा मिनिटे आम्ही सातवाहनकाळातील व्यापारावर बोललो. सोमवारी हे संग्रहालय बंद असते, तेवढे लक्षात ठेवावे.

१८८४ साली पूर्ण झालेला नवा राजवाडा सगळेच दाखवतात, तुम्हीही दाखवाल. त्यापेक्षा मुलीला चित्रकलेची आवड असेल तर राजारामपुरीतल्या चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालयात न्या. तुमच्या भावाच्या घरापासून ते चालत जाण्याच्या अंतरावर असेल. रुपेरी पडद्यावरच्या या नटाने काढलेली निसर्गचित्रे कोल्हापूरच्याच माणसांना फारशी ठाऊक नाहीत. तिथे गर्दी नसते आणि कुणी घाईही करत नाही.

एक दिवस खिद्रापूरसाठी राखून ठेवा. अंतर साठ-पासष्ट किलोमीटर आहे, तेव्हा पहाटे सहाला निघावे. तिथल्या कोपेश्वर मंदिराच्या स्वर्गमंडपाला छत नाही, मधोमध मोठे वर्तुळ उघडे सोडलेले आहे आणि बरोबर त्याच्या खाली तशीच गोल रंगशिला आहे. सकाळचे ऊन त्या वर्तुळातून आत उतरते आणि तासाभरात खांबांवरून सरकत जाते. मुलांना खांबाला टेकून बसवावे आणि ऊन कुठून कुठे गेले, ते खडूने नव्हे, डोळ्यांनी मोजायला सांगावे. परतताना नृसिंहवाडीला दत्ताचे दर्शन घ्या. संगमाच्या घाटावर सासूबाईंना बरे वाटेल आणि मुलांना बासुंदी पुरेल.

पन्हाळ्यावर मात्र फुली मारू नये. २०२५ साली मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला, त्यांत पन्हाळा आहे, आणि आजीला भोवळ आली म्हणून नातवंडांनी तो पाहू नये, हे काही पटत नाही. सकाळी साडेसातला वर पोहोचावे. आधी तीन दरवाजा आणि अंधारबाव ही विहीर पाहावी, ऊन चढू लागले की अंबरखान्यातल्या गंगा कोठीत शिरावे. पंचवीस हजार खंडी धान्य मावेल असे हे कोठार असून आत बाहेरचा उन्हाळा जाणवत नाही. दहाला खाली उतरायला लागावे. झुणका-भाकरीची शिदोरी बरोबर असेल तर सासूबाईही तयार होतील.

पोहणारा

एकच गोष्ट सांगतो. लहानपणीच्या आठवणीने मुलांना पंचगंगेत उतरवू नका. उन्हाळ्यात नदीची धार बारीक होते, सांडपाणी तेवढेच येत राहते, आणि घाटाच्या पायऱ्यांवर शेवाळ असते. रंकाळ्याजवळ महापालिकेचा अंबाई टँक हा पोहण्याचा तलाव आहे, तिथे चौकशी करावी. ओळखीच्यांची विहीर असेल तर उत्तमच, पण मुलाच्या पाठीला डबा बांधलेला आणि काठावर पोहता येणारा मोठा माणूस बसलेला, या दोन गोष्टींत सवलत नको.

माहेरवाशीण

सर्वांचे मनःपूर्वक आभार. शिवजयंतीची तिथी मी खरोखरच विसरले होते आणि हे भावाला कळता कामा नये. मामाच्या मळ्यातली विहीर अजून आहे, डबाही माळ्यावर सापडेल. आणखी एक विचारते. राधानगरीच्या जंगलात बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून प्राणी मोजतात आणि काजवेही दिसतात, असे मुलीने कुठेतरी वाचले आहे. ते आमच्या दिवसांत जमेल का?

दाजीपूरची वाट

मुलीने वाचले ते खरे आहे, पण या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांचा काळही एक नाही.

बुद्धपौर्णिमेला चंद्रप्रकाश भरपूर असतो आणि जंगलातले बहुतेक पाणी आटलेले असते, त्यामुळे उरलेल्या पाणवठ्यांवर प्राणी येतातच. म्हणून त्या रात्री वनविभाग मचाणावरून प्राण्यांची नोंद करतो. त्यासाठी आधी नाव नोंदवावे लागते, जागा मोजक्या असतात आणि रात्रभर न बोलता, न हलता बसावे लागते. मी एकदा बसलो होतो. पहाटे तीनच्या सुमारास गव्यांचा कळप पाण्यावर आला. आधी फक्त काळ्या सावल्या सरकल्यासारखे वाटले, मग गुडघ्यापर्यंतचे पांढरे पाय दिसले आणि मोजे घातलेली जनावरे चालत आहेत असा भास झाला. त्याआधीचे सात तास मात्र डास आणि अंधार एवढेच होते. तुमच्या आठ वर्षांच्या मुलाकडून ही अपेक्षा करणे म्हणजे त्याच्यावर आणि शेजारच्या मचाणावरही अन्याय आहे.

त्याऐवजी दिवसाची सहल करावी. राधानगरी सुमारे पंचावन्न किलोमीटरवर आहे. शाहू महाराजांनी आरंभलेले धरण आणि त्याचे सात स्वयंचलित दरवाजे मुलांना दाखवावेत. ते उघडतात पावसाळ्यात, पण पाण्याच्या दाबानेच कसे उघडतात, हे समजावून सांगायला आता निवांतपणा असतो. पुढे दाजीपूरच्या अभयारण्यात सकाळच्या पहिल्या गाडीने शिरावे. पावसाळ्यात हे जंगल बंद राहते, म्हणून मे महिना सोडू नये.

काजव्यांचे म्हणाल तर ते वळवाचे दोन-तीन पाऊस होऊन गेल्यावर, मेच्या अखेरीपासून मृगाच्या सुमारापर्यंत दिसतात. पूर्ण झाड एका लयीत लुकलुकते. बुद्धपौर्णिमा त्या वर्षी उशिरा आली असेल तरच तुम्हाला सुरुवातीचे थोडे गवसतील, आणि त्यातही चांदणे आड येईल. त्यासाठी अंधारी रात्र लागते, तेव्हा त्या एका गोष्टीसाठी वेगळी खेप करावी. जाताना विजेरी आणि कॅमेऱ्याचा फ्लॅश बंद ठेवावा. उजेड पडला की काजवे थांबतात आणि मागून आलेली माणसे तुम्हाला बोलतात.

परतीच्या वाटेवर रानातली करवंदे आणि जांभळे पानाच्या द्रोणात घेऊन बसलेल्या बायका दिसतील. भाव करू नका. चुकल्यास शहरात कपिलतीर्थ मंडईत मिळतील, पण तिथे द्रोण नसतो.

माहेरवाशीण

तिकिटे बदलून घेतली. द्वितीयेच्या पहाटेच पोहोचत आहोत. राधानगरी दिवसाची ठरली आणि काजव्यांसाठी पुढच्या वर्षीची अमावस्या मुलीने भिंतीवरच्या कालनिर्णयात आतापासून शोधायला घेतली आहे, पुढच्या वर्षीचे अजून छापलेले नाही हे तिला पटत नाही. सासूबाई गंगा कोठीपर्यंत यायला तयार आहेत, त्यापुढे नाही. मुलाची एकच शंका आहे : दूधकट्ट्यावरची म्हैस लाथ मारते का?

शिवाजी पेठकर

लाथ मारत नाही, शेपूट मारते. त्याला पांढरा सदरा घालू नका.