आठ कप चहा-कॉफीवरून खाली यायचंय (ऐरोली, दुपारची शिफ्ट), सल्ला हवा

वर्तकनगरकर
नमस्कार मंडळी. वय ४१, राहायला ठाण्यात वर्तकनगरला, नोकरी ऐरोलीत, वेळ दुपारी २ ते रात्री ११. दिवसाला आठ होतात. उठल्यावर घरी एक कप, जेवून निघताना एक. ऑफिसात मशीनचा चहा दोनदा, साडेपाचला आणि आठला खाली टपरीवर कटिंग, सातला आणि साडेनऊला कॉफी. घरी पोचेपर्यंत बारा वाजतात. अंग मोडून आलेलं असतं, पण डोळा लागत नाही. तीन-तीन वाजेपर्यंत नुसता पडून असतो.

मुलगी यंदा पहिलीत गेली. तिची बस ६.५० ला सोसायटीच्या गेटवर येते. शाळा सुरू झाल्यापासून मी एकदाही तिला सोडायला खाली गेलेलो नाही. पहिले काही दिवस "बाबा उठले का?" विचारायची, आता विचारत नाही. हे फार लागलंय मनाला.

सोडायचा प्रयत्न दोनदा केला. दुसऱ्या वेळी शनिवारी सकाळपासून एकदम बंद. रविवारी दुपारी डोकं असं ठणकायला लागलं की उजेड सहन होईना, मळमळ, कुणी बोललं तरी चिडचिड. बीपीचं काही असेल म्हणून बायको जवळच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. बीपी व्यवस्थित. डॉक्टरांनी एकच विचारलं, "चहा सोडलात का?" घरी येऊन अर्धा कप घेतला आणि थोड्या वेळात डोकं उतरलं. तेव्हा कळलं, मी चहा आवडीने पितो असं समजत होतो, पण शरीराला तो लागायला लागलाय.

पूर्ण सोडायचा नाही. दोन-तीन कपांवर यायचंय. ज्यांनी हे करून दाखवलंय त्यांनी कसं केलं ते सांगा.

कोपरीचा_राजा
दादा, हळूहळू वगैरे काही होत नसतं. मी गणपतीत ठरवलं आणि त्याच दिवशी बंद केला. चार दिवस त्रास झाला, पाचव्या दिवशी मोकळा. मन घट्ट करा.

औषधवाला_नेरूळ
राजाभाऊ, तुम्हाला जमलं याचा आनंद आहे, पण धागाकर्त्याने तेच करून बघितलंय. शनिवारी सकाळी बंद आणि रविवारी दुपारी डोकं, हे अगदी ठरलेलं वेळापत्रक आहे. शेवटच्या कपानंतर साधारण १२ ते २४ तासांत डोकेदुखी सुरू होते, दुसऱ्या दिवसाच्या आसपास सर्वांत जास्त असते, आणि त्रास दोन दिवसांपासून नऊ दिवसांपर्यंत राहू शकतो. मनाच्या कमकुवतपणाशी याचा संबंध नाही. दिवसभर जागं राहिलं की मेंदूत अ‍ॅडिनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि झोप आणतं. चहा-कॉफीतलं कॅफीन त्याची जागा अडवून बसतं. रोज अडवलं की मेंदू त्या जागाच वाढवतो. मग एक दिवस कॅफीन आलंच नाही, तर अ‍ॅडिनोसिनला सगळं रान मोकळं. डोक्यातल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, डोकं ठणकतं, सुस्ती येते.

आता तुमचा हिशेब. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात १५० मिलीच्या कपाचे आकडे आहेत: चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन, इन्स्टंट कॉफीत ५० ते ६५, गाळलेल्या कॉफीत ८० ते १२०. दिवसाची मर्यादा ३०० मिलिग्रॅम. तुमचे चार कप चहा २००, दोन कटिंग मिळून एक कप धरू, ५०, दोन कॉफी १२०. म्हणजे ३७० च्या आसपास. फार भयंकर नाही. तुमचा खरा घोळ वेळेत आहे.

कॅफीन निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात. साडेनऊची कॉफी रात्री अडीचला अजून निम्मी अंगात असते, सातच्या कॉफीचा आणि आठच्या कटिंगचा उरलेला भाग वर वेगळा. तीनला झोप लागते यात नवल नाही. म्हणून आकडा नंतर कमी करा, आधी घड्याळ धरा. सर्वांत शेवटचा कप सर्वांत आधी काढा. मग त्याच्या आधीचा. सकाळच्या कपाला शेवटपर्यंत हात लावू नका.

आणखी एक. मधल्या काळात डोकं दुखलं म्हणून दुकानातून गोळी आणाल, तर पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा. डोकेदुखीच्या काही गोळ्यांत कॅफीनच असतं. एका दाराने काढलं आणि दुसऱ्याने आत घेतलं, असं होईल.

नौपाड्याची_आजी
बाळा, चहा कमी करायचा म्हणजे कपच कमी करायचे असं नाही. आमच्या घरी आधणातली पावडर कमी केली. चार कपांना चार चमचे पडायची. आठवड्याने साडेतीन, मग तीन, मग अडीच. ह्यांना सांगितलंच नाही. दोन महिन्यांनी सांगितलं तेव्हा म्हणाले, अगं मला वाटलं हल्ली दूध चांगलं येतंय.

दुसरं, पावडर घालून चहा खळाखळा उकळत ठेवायचा नाही. पाणी उकळलं, आलं ठेचून घातलं, गवती चहा घातला, त्यांचा अर्क उतरू दिला, मग शेवटी पावडर टाकून एक उकळी, गॅस बंद, वर झाकण. तोंडाला चव आल्याची आणि गवती चहाची लागते, पावडर थोडी पुरते.

संध्याकाळी आम्ही पावडर घालतच नाही. गवती चहा, आलं, चार तुळशीची पानं, किंचित गूळ. जांभळी नाक्याला गवती चहाची जुडी मिळते. मुळाकडचा भाग कुंडीत खोचून ठेवला तर गॅलरीत रान माजतं. तुझ्या लेकीच्या हाताने लाव.

रातपाळी
वाशीला एका रुग्णालयात परिचारिका आहे, रात्रपाळी १२ वर्षं. आमच्याकडे नव्या मुली पहाटे चारला स्ट्राँग कॉफी घेतात आणि मग सकाळी घरी जाऊन झोप नाही म्हणून रडतात. माझा नियम एकच: चहा पाळीच्या पहिल्या अर्ध्यात. रात्री एकनंतर थेंब नाही. तुमच्या शिफ्टला तोच नियम लावला तर संध्याकाळी साडेपाचची कटिंग शेवटची.

त्यानंतर पेंग येते, हे खोटं नाही. मी फुटाणे ठेवते खिशात, वॉर्डची एक फेरी मारते, तोंडावर गार पाणी. पेंगेची लाट थोड्या वेळाची असते. ती बसून काढली तर फार मोठी वाटते, चालत काढली तर जाते.

पहिला आठवडा सुट्टीत किंवा हलक्या कामाच्या दिवसांत घ्या. महिनाअखेरीच्या गडबडीत सुरू करू नका.

वागळे_इस्टेट_फिरता
मी मशीनचे सुटे भाग विकतो. दिवसाला सहा-सात कारखान्यांत जातो आणि प्रत्येक ठिकाणी बसायच्या आत चहा समोर येतो. नाही म्हटलं की समोरचा माणूस खट्टू होतो, त्याला वाटतं आपल्याकडचा चहा याला चालत नाही. मी बरेच दिवस पित्ताचं कारण सांगत होतो. मग खोटं बोलायचं सोडलं. आता म्हणतो, "साहेब, सकाळी तुमच्याकडे आलो की नक्की घेईन, दुपारनंतर बंद केलाय, झोपेचा त्रास आहे." एकानेही वाईट वाटून घेतलं नाही. उलट तिघांनी विचारलं, कसं केलंत.

टपरीबद्दल सांगतो. टपरीवर जाणं बंद करू नका. मी ती चूक केली. चहाबरोबर माणसंही सुटली, दोन आठवडे ऑफिसात एकटाच जेवलो, आणि शेवटी माणसांसाठी म्हणून परत चहावर आलो. दुसऱ्या वेळी टपरीवाल्या मामांनाच सांगितलं. ते मला ग्लासात नुसतं आल्याचं गरम पाणी देतात, पैसे तेवढेच घेतात, आणि मी सगळ्यांबरोबर उभा असतो. हातात गरम ग्लास असला की बाकी कुणी बघतही नाही.

पारसिक_पायथा
मी चहाऐवजी ग्रीन टी सुरू केलाय, दिवसाला सहा कप. चालेल ना?

औषधवाला_नेरूळ
नाही हो. ग्रीन टी त्याच झाडाच्या पानांचा, त्यातही कॅफीन आहे. आपल्या उकळलेल्या चहापेक्षा सहसा कमी, पण सहा कपांत बेरीज व्हायची ती होतेच. डिकॅफ म्हणजे कॅफीन काढलेल्या कॉफीतही थोडं उरतं. कॅफीन अजिबात नसलेलं हवं तर आजींचा गवती चहा, कोकम सरबत, ताक, साधं लिंबूपाणी.

फिल्टरवाली_सीवूड्स
कॉफीवाल्यांसाठी एक. मी तंजावरी सासरची, घरी पितळेचा फिल्टर, त्याला सुट्टी नाही. पण कॉफी दळून देणाऱ्या दुकानात चिकोरीचं प्रमाण आपल्याला सांगता येतं. चिकोरी हे मूळ आहे, त्यात कॅफीन नसतं. मी कॉफी-चिकोरी ८०:२० घ्यायचे. मग ७०:३०, आता ६०:४०. दाटपणा आणि कडवटपणा तसाच राहतो, किंबहुना वाढतो, आणि सासूबाईंनाही खटकलं नाही. डिकॉक्शनही (फिल्टरमधून उतरलेला अर्क) दोन चमचे कमी, दूध तेवढं जास्त.

आईची_लेक_कळवा
थोडं वेगळं लिहिते. धागाकर्ते लिहितात की जेवून निघताना एक कप. तो कप तुम्हाला नाही, पण घरातल्या बायकांना फार महागात पडतो. माझं हिमोग्लोबिन ८.९ होतं. लोहाच्या गोळ्या तीन महिने घेतल्या, आकडा हलेना. गोळी मी जेवणानंतर चहाबरोबर घेत होते. चहातली टॅनिन लोहाला धरून ठेवतात, ते अंगी लागत नाही. डॉक्टरांनी जेवणाच्या आधी आणि नंतर एक-एक तास चहा-कॉफी बंद करायला सांगितली, गोळी लिंबूपाण्याबरोबर. पुढच्या तीन महिन्यांत ११.२. कप कमी नाही केले तरी निदान जेवणापासून लांब ढकला. आपल्या आया जेवण झालं की लगेच चहा टाकतात, त्यांना हे कुणीतरी सांगायला हवं.

मुलुंड_चेकनाका
मी महिन्यापूर्वी सिगारेट सोडली. तेव्हापासून तोच चार कप चहा घेतला तरी छातीत धडधडतं, हात थरथरतात. हे सिगारेट सोडल्यामुळे की चहामुळे?

औषधवाला_नेरूळ
दोन्ही मिळून. आधी सिगारेट सोडल्याबद्दल मनापासून अभिनंदन. विडी-सिगारेटचा धूर यकृताला कॅफीन जलद निकालात काढायला लावतो. धूर बंद झाला की तो वेग उतरतो, आणि तोच कप अंगात जास्त वेळ राहतो. लोक ही थरथर सिगारेटच्या तलफेची समजतात आणि परत पेटवतात. चार कपांचे दोन करा, आठवड्यात फरक दिसेल. तरी धडधड राहिली तर ईसीजी काढून घ्या, अंदाजावर सोडू नका.

गरोदर भगिनी हा धागा वाचत असतील तर त्यांच्यासाठी: गरोदरपणात कॅफीन उतरायला बराच जास्त वेळ लागतो. किती चालेल ते आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

वर्तकनगरकर
सगळ्यांचे आभार. दहा दिवस झाले, काय केलं ते लिहितो.

पहिले चार दिवस फक्त साडेनऊची कॉफी काढली. त्या वेळी जागेवरून उठून दोन मजले उतरून परत चढतो. डोकं जड होतं, पण दुखलं नाही. पाचव्या दिवसापासून आठची कटिंग काढली. वागळेवाल्या दादांनी सांगितलं तसं टपरीवाल्या काकांशी बोललो. त्यांनी आल्याच्या पाण्यात स्वतःहून लिंबू पिळून दिलं. आता टीममधला आणखी एकजण तेच मागतो.

झोप काल पावणेदोनला लागली. तीनवरून पावणेदोन.

सातची कॉफी अजून सुटत नाही. त्या वेळी परदेशातल्या ग्राहकाचा कॉल असतो आणि बोलताना चूक झाली तर, ही भीती वाटते.

रातपाळी
सातची एकदम काढू नका. चार दिवस अर्धी घ्या, आणि ती साडेसहाला, मग सहाला. कॉलच्या आधी दहा मिनिटं खाली मोकळ्या हवेत चाला. भीती कॉलची आहे, कॉफी फक्त तिच्या शेजारी बसलेली आहे.

नौपाड्याची_आजी
कुंडी लावलीस का रे?

वर्तकनगरकर
लावली आजी. लेकीने लावली, जांभळी नाक्याहून जुडी आणली होती. चार काड्यांपैकी तीन जगल्या.

आज २६ वा दिवस. सातची कॉफी गेली. साडेपाचची कटिंग आहे, मशीनचा एक आहे, घरचा सकाळचा आहे. जेवणानंतरचा कळव्याच्या ताईंचं वाचून बंद केला, बायकोनेही केला. तीन कप.

काल रात्री साडेबाराला झोपलो. सकाळी साडेसहाला बायकोने न उठवता उठलो. खाली गेटवर लेक दोन मिनिटं काहीच बोलली नाही, नुसती माझ्याकडे बघत होती. बस आली तेव्हा दप्तर माझ्याकडून घेतलं आणि म्हणाली, उद्या पण या. मग वर येऊन साडेनऊपर्यंत परत झोपलो.