‘कॅश’ हा शब्द आपल्या ‘कासु’वरून गेला, असे म्हणावे का?

शहापूरकर:

दिवाळीच्या आवराआवरीत आमच्या आजीचा पितळी पानडबा उघडला, तेव्हा पुतळ्यांच्या माळेखाली एक जाड तांब्याचे नाणे निघाले. एका बाजूस मुकुट धरलेला सिंह, ईस्ट इंडिया कंपनीचे नाव आणि १८०३ हे साल आहे. दुसऱ्या बाजूस फारसी मजकूर असून त्याच्याखाली रोमन आकड्यांत वीस आणि पुढे ‘कॅश’ अशी इंग्रजी अक्षरे आहेत. फारसी जाणणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांनी तो मजकूर वाचून दिला : ‘बीस्त कास चहार फलूस अस्त’, म्हणजे वीस कास बरोबर चार फलूस (तांब्याचे पैसे). इंग्रजांनी ज्याला ‘कॅश’ म्हटले त्यालाच त्याच नाण्यावर फारसीत ‘कास’ म्हटले आहे, आणि आमच्या कन्नड शेजारणी त्यालाच ‘कासु’ म्हणतात. पुतळ्यांच्या माळेला त्या ‘कासिन सर’ म्हणतात, आणि ‘कासिगे तक्क कज्जाय’, म्हणजे जेवढे पैसे तेवढा अनारसा, ही त्यांची म्हण तर बेळगावच्या बाजारात मराठी माणसालाही समजते. म्हणून माझे मत असे की, बँकेच्या खिडकीपाशी आपण जो ‘कॅश’ शब्द उच्चारतो, तो इंग्रजांनी दक्षिणेतून उचलून पुन्हा आपल्याच हाती दिलेला शब्द आहे. त्याला परका मानण्याचे कारण नाही.

खानापूरची शिक्षिका:

शहापूरकर काका, नाण्याचे वाचन तुम्ही अगदी बरोबर दिले आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र मला मान्य नाही. इंग्रजीत ‘कॅश’ हे दोन निराळे शब्द आहेत आणि त्यांचे लेखन योगायोगाने एक झाले आहे. रोख पैसा या अर्थाचा ‘कॅश’ फ्रेंच ‘केस’ किंवा इटालियन ‘कासा’ यांवरून आला, आणि या दोहोंच्या मुळाशी लॅटिन ‘काप्सा’ म्हणजे पेटी हा शब्द आहे. (औषधाची ‘कॅप्सूल’ ही त्याच काप्साची धाकटी लेक.) सोळाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात तो इंग्रजीत दिसू लागतो आणि त्याचा अर्थ पैसे ठेवण्याची पेटी असाही होतो. ईस्ट इंडिया कंपनीला सनद मिळाली १६०० मध्ये आणि मच्छलीपट्टणला तिची वखार पडली १६११ मध्ये. जो शब्द कंपनीच्या जन्माआधीच लंडनच्या व्यापाऱ्यांच्या तोंडी होता, तो कंपनीने आपल्याकडून नेला असे कसे म्हणता येईल?

पेटीचा पैसा कसा झाला, अशी शंका कोणी घेईल, तर त्याने आपल्याच दुकानात पाहावे. दुकानदार गल्ल्यात पैसे टाकतो, आणि रात्री तोच दुकानदार ‘आज गल्ला चांगला झाला’ असे म्हणतो. पहिला गल्ला लाकडाचा, दुसरा नोटांचा. ‘थैली अर्पण केली’ म्हणताना कोणाच्याही मनात कापड नसते, आणि जमिनीचे दलाल लाखाला ‘पेटी’ व कोटीला ‘खोका’ म्हणतात ते काही अलंकार म्हणून नव्हे. भांड्याचे नाव आतल्या पैशाला लागणे ही मराठीतली नित्याची गोष्ट आहे. फ्रेंचांनी आणि इंग्रजांनी तेच केले.

शहापूरकर:

बाई, सनावळीचा मुद्दा जड आहे, पण तुम्ही इंग्रजांपाशीच थांबलात. पोर्तुगीज कालिकतला आले १४९८ मध्ये आणि गोवा त्यांनी घेतला १५१० मध्ये. तुमच्या खानापूरहून गोवा किती लांब आहे हे मी तुम्हाला सांगायला नको. इंग्रजीत शब्द दिसण्याआधी पाऊणशे-ऐंशी वर्षे हे लोक आपल्या बंदरांत कासु मोजत होते. तो लिस्बनमार्गे युरोपात पसरला नसेल कशावरून?

निपाणीकर:

मला दोघांनाही एक विचारायचे आहे. ‘आपल्या कासुवरून’ असे शीर्षक दिले आहे, पण कासु हा आपल्या भागातला रोजचा शब्द आहे का? निपाणी-चिकोडीच्या बाजारात तंबाखूचा सौदा होताना मी लहानपणापासून कन्नड ऐकत आलो आहे. येथला कन्नड शेतकरी ‘रोक्क’ म्हणतो. म्हैसूरकडचा माणूस ‘दुड्डु’ म्हणतो, आणि कासु माझ्या कानावर पडला तो बहुधा म्हणींतून, दागिन्यांच्या नावांतून किंवा दक्षिणेकडच्या माणसाच्या बोलण्यातून. आपल्याला शेजाऱ्यांशी नाते दाखवायचेच असेल, तर ते ‘रोक्क’ आणि मराठी ‘रोख’, ‘रोकड’ यांच्यात उघड दिसत आहे. संस्कृत कोशांतही ‘रोक’ हा शब्द रोख पैशाने केलेल्या खरेदीसाठी नोंदलेला आहे. आडतीवर मराठी माल घालणारा ‘रोख’ म्हणतो, कन्नड घेणारा ‘रोक्क’ म्हणतो आणि दोघांचे काम अडत नाही. हा जिवंत पुरावा सोडून लंडनच्या शब्दावर हक्क सांगायला जाण्यात काय मिळणार, हे मला खरोखर कळत नाही. दोन्ही भाषांवरून येथे आधीच पुष्कळ ताणाताणी झाली आहे. निदान शब्दांच्या बाबतीत तरी जे सिद्ध होते तेवढेच बोलावे.

खानापूरची शिक्षिका:

निपाणीकरांशी मी सहमत आहे. काका, लिस्बनमार्गाबद्दल सांगते. पोर्तुगीज भाषेत ‘काइशा’ म्हणजे पेटी हा शब्द होताच आणि तोही त्याच लॅटिन काप्साच्या घराण्यातला. आपल्याकडे आल्यावर त्यांनी कासु ऐकला आणि स्वतःच्या ओळखीच्या ‘काइशा’च्या साच्यात बसवला. म्हणजे कासु युरोपात गेला नाही, युरोपचा पेहराव चढवून येथेच राहिला. त्या नाण्याच्या अर्थाचा इंग्रजी ‘कॅश’ या वाटेने आला, आणि पुढे हेच नाव इंग्रजांनी चीनमधल्या चौकोनी भोकाच्या नाण्यांनाही लावले. यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशातही या नाण्याची नोंद पेटीच्या कॅशपासून वेगळी काढलेली आहे. तमिळ ‘कासु’च्या मागे ते संस्कृत ‘कर्ष’ हे वजनाचे नाव ठेवतात. नाशिकच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याच्या लेखातले ‘कहापण’, म्हणजेच कार्षापण, याच कर्षावरून झाले. तेथे पस्तीस कहापणांचा एक सुवर्ण (सोन्याचे नाणे) असा भावही कोरलेला आहे. या मुळाचा तुम्ही अभिमान बाळगावा, माझी काहीच हरकत नाही. पण तो त्या नाण्याचा अभिमान असावा, बँकेच्या खिडकीचा नव्हे.

वडगावकर:

ताईंची विभागणी मला जरा फारच कडक वाटते. मद्रासच्या हिशेबात ऐंशी कॅशचा एक फनम आणि बेचाळीस फनमांचा एक पॅगोडा, म्हणजे सोन्याचे नाणे, होत असे. तो हिशेब मांडणाऱ्या गोऱ्या कारकुनाच्या एकाच वहीत दोन्ही ‘कॅश’ येत असणार, एक शिलकेसाठी आणि एक नाण्यासाठी. कासुचे इंग्रजी लेखन हुबेहूब ‘कॅश’ असे झाले ते पहिला शब्द हाताशी तयार होता म्हणूनच. उगम दोन असले तरी दोघांनी एकमेकांना ओढले, एवढे तरी मान्य करावे. बाकी नुसत्या ध्वनिसाम्यावर जाऊ नये हे मलाही पटते, कारण आमच्याकडे एकाने चंदगडच्या काजूचे इंग्रजी नाव ‘कॅश’वरून आले असे ठासून सांगितले होते. काजू ब्राझीलच्या तुपी भाषेतून पोर्तुगिजांनी आणला, झाडासकट. आणि पदावरून काढून टाकणे या अर्थाचे इंग्रजी ‘कॅशियर’ हे क्रियापद तर आणखी तिसऱ्याच, मोडणे-रद्द करणे या अर्थाच्या मुळाचे आहे.

निपाणीकर:

लेखनाने एकमेकांना ओढले, हे मान्य. पण बेळगावचा किल्ला इंग्रजांनी घेतला १८१८ मध्ये, आणि मद्रासची ही कॅश-फनमची पद्धत मोडून रुपया आला तोही १८१८ मध्येच. पुढे आपण मुंबई इलाख्यात गेलो. त्यामुळे मराठीत रुळलेला ‘कॅश’ हा खजिन्यातून आणि बँकेतून आलेला पेटीवाला शब्द आहे. शहापूरकरांच्या आजींचे नाणे कोणा व्यापाऱ्याबरोबर मद्रासकडून आले असावे.

शहापूरकर:

आमचे पणजोबा सुताच्या खरेदीसाठी दक्षिणेकडे जात असत, तेव्हा तसेच असेल. बँकेच्या खिडकीचा दावा मी मागे घेतो. गल्ल्याचे उदाहरण वाचल्यावर त्यात दम उरत नाही. नाण्यावरचा शब्द मात्र आपला आहे आणि तो मी सोडणार नाही. आता एकच विनंती. बाईंनी सांगितलेल्या त्याच कोशात असेही म्हटले आहे की, पोर्तुगिजांनी हा शब्द तमिळऐवजी कोंकणीतल्या एखाद्या रूपावरून घेतला असेल, पण ते रूप कोशकारांना सापडले नाही. खानापूर तालुक्यात गोव्याच्या हद्दीला लागून असलेल्या गावांत आजही कोंकणीच्या जवळचे बोलणारी वयस्क माणसे आहेत. ‘दुडू’ तर तेथे सर्वांनाच ठाऊक आहे. पण मोडीला, दागिन्यातल्या नाण्याला किंवा जात्रेत देवाला वाहायच्या सुट्या पैशाला कोणी ‘कास’, ‘कासो’ असे काही म्हणते का, हे तेथल्या वाचकांनी घरातल्या आजीला विचारून येथे लिहावे.