टीपीओ अँटीबॉडी परत परत कशाला मोजायची?

बाकीशून्य
मला हाशिमोटो आहे (आपलीच प्रतिकारशक्ती थायरॉईडवर हल्ला करते तो आजार), थायरॉईडची गोळी चालू आहे. दोन वर्षांपूर्वी टीपीओ अँटीबॉडी (थायरॉईडमधल्या टीपीओ या एन्झाइमविरुद्धची) ६२० होती, आता ४७०. घरात दहावीचा निकाल लागल्यासारखा आनंद! माझं मत: एकदा निदान झालं की हा आकडा परत मोजणं म्हणजे पैशांचा चुराडा. डोस ठरतो टीएसएचवर, म्हणजे थायरॉईडला कामाला लावणाऱ्या हार्मोनच्या पातळीवर.

टीपीओ हे एन्झाइम थायरोग्लोब्युलिन या प्रथिनावर आयोडीन चढवतं, त्यातूनच थायरॉईडचं हार्मोन बनतं. पण ते बसलेलं असतं फॉलिकलच्या, म्हणजे थायरॉईडमधल्या पेशींच्या बारीक पिशवीच्या, आतल्या बाजूला. पेशींची भिंत शाबूत आहे तोवर रक्तातल्या अँटीबॉडीचा हात तिथे सहजी पोचत नाही. भिंत पाडतात मुख्यतः प्रतिकारशक्तीच्या टी-पेशी, अँटीबॉडी येते पंचनाम्याला. आईच्या या अँटीबॉडी वारेतून बाळाकडे जातात, तरी बाळाची थायरॉईड सहसा ठणठणीत असते. ग्रेव्हजमधल्या (थायरॉईड जास्त काम करते तो आजार) टीएसएच-रिसेप्टरच्या अँटीबॉडी तशाच गेल्या तर मात्र बाळालाही त्रास होऊ शकतो.

निशाचर
असहमत. पंचनामेवाल्याला एवढं हलक्यात घेऊ नका. इंग्लंडमधल्या व्हिकमच्या २० वर्षांच्या पाहणीत, नुसता टीएसएच वाढलेल्या बायकांपैकी दरवर्षी २.६ टक्के हायपोथायरॉईड झाल्या, म्हणजे त्यांची थायरॉईड कमी पडू लागली. सोबत अँटीबॉडी असलेल्या ४.३ टक्के. शिवाय या अँटीबॉडी कॉम्प्लिमेंटला, म्हणजे पेशी फोडू शकणाऱ्या रक्तातल्या प्रथिनांना, जागं करू शकतात. म्हणजे बघ्यांनीही दोन दगड मारलेले असू शकतात.

बाकीशून्य
ते भाकीत आजार व्हायच्या आधीचं. मला होऊन बसलाय. शीर्षकातलं ‘परत परत’ वाचलंत ना?

गव्हाळ
धागाकर्ते, थायरॉईडपुरतं ठीक, पण सगळ्यांना एका माळेत ओवू नका. मी सीलिएकवाली (गव्हातलं ग्लूटेन खाल्लं की आतड्याला इजा होते तो आजार). माझ्या अँटीबॉडी टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेजविरुद्ध. हेच एन्झाइम मूळ लक्ष्य असल्याचं १९९७ मध्ये कळलं. गंमत म्हणजे इथे एन्झाइम बिचारं नाही. तेच ग्लियाडिनमधल्या (ग्लूटेनचाच एक भाग) ग्लुटामिनचं ग्लुटामेट करतं, मग तो तुकडा पेशींवरच्या डीक्यू२ किंवा डीक्यू८ या रेणूंमध्ये घट्ट बसतो आणि टी-पेशी खवळतात. २०२१ च्या चाचणीत रुग्णांना रोज ३ ग्रॅम ग्लूटेन खायला घालून हे एन्झाइम अडवणारं औषध दिलं, तर सहा आठवड्यांत आतड्याची हानी कमी झाली. आणि पथ्य पाळलं की माझा आकडा उतरतो, म्हणून तो परत मोजण्यात अर्थ आहे. चोरून बिस्किट खाल्लं की कधी कधी तोच चहाडी करतो :)

बाकीशून्य
सीलिएकपुरती माघार. पण टीपीओ अडवणारं औषधही आहेच की, कार्बिमाझोल! ग्रेव्हजमध्ये चालतं, कारण तिथे हार्मोन जास्त झालेलं असतं. मला दिलं तर उरलंसुरलंही बंद. एन्झाइमवर हल्ला होतोय म्हणून औषधानेही तिथेच मारायचं असं नसतं.

निशाचर
हे पटलं. पण सेलेनियमने अँटीबॉडी उतरते त्याचं काय? काही चाचण्यांत उतरलीय.

बाकीशून्य
उतरते. त्याने गोळी सुटते किंवा थकवा जातो, हे मात्र सिद्ध झालेलं नाही. माझे ६२० चे ४७० झाले, डोस तसूभर हलला नाही.

निशाचर
बाटली अर्धी संपवलीय हो मी...