मदत हवी आहे: गावच्या संग्रहालयासाठी टचस्क्रीन टेबल कोणता घ्यावा?

नमस्कार मंडळी, आमचं गाव पवनीजवळ, भंडारा जिल्हा. पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर 1969-70 मध्ये उत्खनन झालं न् मोठा बौद्ध स्तूप निघाला, पण इथल्याच पोट्ट्यांना ते माहीत नाही, याचं लई वाईट वाटते. म्हणून शाळेच्या जुन्या खोलीत छोटं संग्रहालय करून राहिलो. त्यात एक टचस्क्रीन टेबल ठेवायचा विचार आहे, नकाशावर बोट ठेवलं की स्तूप, वैनगंगा, जुन्या शहराचा कोट असं उघडत जाईल.

आता अडचण अशी की इन्फ्रारेड फ्रेमवाला टेबल (चौकटीतून पडद्यावर न दिसणारे किरण सोडणारा) स्वस्त पडते, पण त्यात किरणांच्या आड काहीही आलं की टच समजते, म्हणजे बायांच्या साडीचा पदर टेकला तरी पान बदलंल, वरून धूळ न् खिडकीतलं ऊन वेगळंच. कपॅसिटिव्हवर (मोबाईलच्या स्क्रीनसारखा, बोटाचा स्पर्श विजेनं ओळखणारा) तो त्रास कमी, पण ओल्या हातानं तोही गोंधळते, न् महागही आहे. आमच्याकडं मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर जाते, खोलीत एसी नाही, लाईटचा तर भरोसाच नाही, मग यूपीएस किती क्षमतेचा लागंल?

अजून एक, टेबलाभोवती लेकरं चारही बाजूंनी उभी राहतात, समोरच्याला अक्षरं उलटी दिसतात. चित्रं फिरवता येतील, मजकुराचं काय करता तुम्ही? का टेबल थोडा तिरपाच ठेवावा? कोणी खेड्यात असा टेबल चालवला असंल तर सांगा न बावा, इंटरनेटशिवाय चालणारं मराठी सॉफ्टवेअर माहीत असंल तर तेही.