आईचे गुडघे: दुखतं त्या दिवशी व्यायाम किती करायचा? आणि हरिपाठाला खुर्चीचं काय?

नमस्कार मंडळी, आई ६८ वर्षांची, सातारा जिल्ह्यात गावी असते, मी पुण्यात. दोन्ही गुडघ्यांची झीज आहे, एक्सरेत उजवा ग्रेड ३ आलाय, म्हणजे झिजेच्या चार पायऱ्यांतली तिसरी. डॉक्टर म्हणाले ऑपरेशनची घाई नको, आधी वजन उतरवा आणि मांडीचे स्नायू भक्कम करा. एक किलो कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा चारेक किलोचा भार हलका होतो हे ऐकलं आणि तिने रात्रीचा भात आपणहून सोडला, दोन महिन्यांत तीन किलो उतरली पण.

फिजिओने दिलेला व्यायाम म्हणजे पाय लांब करून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, ती दाबून ५ आकडे मोजायचे, असं १० वेळा. आई आकड्यांऐवजी पाच वेळा विठ्ठल म्हणते, ते मस्त चाललंय. पण दुखणं वाढलं की शेजारच्या बायका सांगतात हालचाल केलीस तर अजून झिजेल, की झालं, चार-चार दिवस सगळं बंद, आणि परत सुरू केलं की जास्तच आखडलेलं असतं. फिजिओ म्हणते थोडं दुखलं तर चालेल, दुसऱ्या दिवशीपर्यंत वाढलेलंच राहिलं तर कमी करा. म्हणजे नेमकं किती कमी? तुमच्या घरी कसं करता?

काठी उजव्या गुडघ्यासाठी डाव्या हातात धरायची, तिला ते उलटंच वाटतं, आणि बाहेर निघताना ती दाराआड ठेवून जाते.

विळी सुटली, ओट्याशी उभं राहून चिरते, संडासात कमोडची खुर्ची आणली, तेही पटलं. अडलंय ते देवळात. सगळ्याजणी सतरंजीवर मांडी घालून आणि आपण तेवढी देवासमोर उंच बसायचं हे तिला सहन होत नाही. मागच्या एकादशीला खाली बसली, उठताना खांबाला दोन्ही हातांनी मिठी मारल्यासारखं धरून उभी राहिली, ओठ घट्ट मिटलेले. आता तीन आठवडे झाले, जातच नाही. चाळीस वर्षांत हरिपाठ चुकला नव्हता हो तिचा.

कुणाच्या आई-सासूबाईंनी हे कसं स्वीकारलं? कोण काय बोललं म्हणून पटलं?

ता.क. तेलं, काढे, चुंबकाचे पट्टे कृपया सुचवू नका. बीपी आहे म्हणून पेनकिलर गोळ्याही टाळायला सांगितल्यात, डायक्लोफेनॅक जेल लावते.