बाल्फोर जाहीरनामा: माँटेग्यूचं ऐकलं असतं तर?

पोटमाळ्यावरचा
माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणा आपण सगळ्यांनी शाळेत घोकल्यात पण हा एडविन माँटेग्यू स्वतः ज्यू होता हे कुठल्या पुस्तकात वाचल्याचं आठवतंय का? भारतमंत्री होता. २० ऑगस्ट १९१७ ला पार्लमेंटात भारताला हळूहळू जबाबदार राज्यपद्धती देऊ म्हणाला आणि तीनच दिवसांनी आपल्याच सरकारातल्या लोकांना एक टिपण फिरवलं, मथळा ‘सध्याच्या सरकारचा ज्यूद्वेष’! पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंसाठी राष्ट्रीय घर करायचं चाललं होतं ना, त्यावर भडकला होता. म्हणणं असं की ज्यू हा धर्म आहे, मी इंग्रज आहे, आणि एकदा तुम्ही त्यांचं घर तिकडे ठरवलंत की उद्या जो तो देश आपल्याकडच्या ज्यूंना हाकलायला मोकळा, आणि तिथे पिढ्यानपिढ्या राहणारे मुसलमान-ख्रिश्चन मात्र घरातच परके.

कुणी फारसं ऐकलं नाही. साहेब भारताच्या वाटेवर असताना ३१ ऑक्टोबरला युद्ध मंत्रिमंडळानं शिक्कामोर्तब केलं आणि २ नोव्हेंबरला परराष्ट्रमंत्री बाल्फोरचं, ज्यूंच्या राष्ट्रीय घराला पाठिंबा देणारं ते पत्र (हाच बाल्फोर जाहीरनामा) ब्रिटनमधल्या ज्यूंचा पुढारी लॉर्ड रॉथशिल्डला गेलं. तेव्हा जेरुसलेम इंग्रजांच्या ताब्यातसुद्धा नव्हतं, इंग्रज सेनापती ॲलनबी आत शिरला डिसेंबरात. माझं स्पष्ट मत, त्या सगळ्या गोतावळ्यात शहाणा माणूस हा एकच.

सरळसोट
अजिबात सहमत नाही. माँटेग्यू बँकवाल्या लॉर्डाचा मुलगा, त्याला काय कमी होतं? १९०३ मध्ये रशियात किशिनेवला ज्यूंची कत्तल झाली, तिथल्या माणसाला जाऊन सांगा की बाबा रे तू रशियनच आहेस. आणि हे सगळं ब्रिटननं सुरू केलं असं जे भासवलं जातं ते तर चूकच, स्वित्झर्लंडात बाझेलला पहिली झायोनिस्ट (म्हणजे ज्यूंना पॅलेस्टाइनमध्ये घर हवं म्हणणाऱ्यांची) काँग्रेस १८९७ ची, पॅलेस्टाइनमधल्या नव्या वस्त्या त्याच्याही आधीच्या. १९०३ मध्ये ब्रिटिश वसाहतमंत्री चेंबरलेननं पूर्व आफ्रिकेतली जमीन देऊ केली होती (युगांडा योजना म्हणतात, जागा आजच्या केनियात), काँग्रेसमध्ये त्यावर अशी जुंपली की रशियातून आलेले प्रतिनिधीच उठून गेले, आणि १९०५ मध्ये सरळ नको म्हणून टाकलं. लोकांना कुठे जायचंय ते ठाऊक होतं, ब्रिटननं फक्त सही केली.

नकाशेवाला
‘फक्त सही’ काय राव! सही कुणाच्या सातबाऱ्यावर केली ते बघा की. १९१५ मध्ये कैरोहून इजिप्तमधला ब्रिटिश उच्चायुक्त मॅकमहननं मक्केच्या शरीफ हुसेनला लिहून दिलं की तुर्कांविरुद्ध उठा, अरबांचं स्वातंत्र्य मान्य करू, पण दमास्कस, होम्स, हमा आणि अलेप्पो यांच्या पश्चिमेचा वगैरे काही भाग सोडून. आता नकाशा काढा आणि या चार गावांवरून उभी रेघ मारा. पश्चिमेला येतो लेबनॉन आणि सीरियाचा किनारा. पॅलेस्टाइन येतं खाली दक्षिणेला. तरी नंतर इंग्रज म्हणत राहिले की पॅलेस्टाइन वगळलेलंच होतं! आणि मधल्या मध्ये १९१६ ला साईक्स-पिको, म्हणजे फ्रेंचांबरोबर गुपचूप वाटणी, त्यात पॅलेस्टाइनचा बराचसा भाग आंतरराष्ट्रीय कारभाराखाली. एक जागा आणि गिऱ्हाइकं तीन. रशियात बोल्शेविकांनी कागद फोडले म्हणून निदान कळलं तरी.

सरळसोट
त्या पत्रात ज्यूंबरोबर बाकीच्यांचे हक्क सांभाळायचं कलमही आहे, ते वाचत नाही कुणी.

नकाशेवाला
वाचलंय. नागरी आणि धार्मिक हक्क, राजकीय हक्काचं नावसुद्धा नाही. आणि ज्यांचे हक्क त्यांचं नाव काय दिलंय तर ‘बिगरज्यू समाज’, लोकसंख्येत दहातले जवळजवळ नऊ लोक आणि ओळख काय तर जे ज्यू नाहीत ते.

उगाचच_मधे
माँटेग्यू एकटाच शहाणा कसा? कर्झननंही विचारलं होतं की तिथल्या लोकांचं काय करणार. हो तोच, बंगालची फाळणी करणारा! पण शेवटी गप्प बसला कारण अमेरिका आणि रशियातल्या ज्यूंना आपल्या बाजूला वळवता येईल, जर्मनीनं आधी असं काही जाहीर करायच्या आत आपण करू, हे त्यालाही पटलं. प्लस सुएझ, म्हणजे पुन्हा हिंदुस्थानचा रस्ता. झायोनिस्ट पुढारी आणि रसायनशास्त्रज्ञ वाइझमननं दारूगोळ्यासाठी ॲसिटोन करून दिलं म्हणून बक्षीस मिळालं ही गोष्ट ऐकायला झकास आहे पण साम्राज्यं अशी बक्षिसं वाटत नसतात. आणि हाच बाल्फोर पंतप्रधान असताना त्याच्या सरकारनं १९०५ मध्ये परदेशी लोकांना रोखायचा कायदा आणला होता, मुख्य रोख रशियातून येणाऱ्या ज्यूंवर. लंडनमध्ये नकोत, जेरुसलेममध्ये चालतील, त्यामुळे माँटेग्यूच्या टिपणाचा मथळा अगदीच खोटा नव्हता.

रेवदंडेकर
आमच्या रायगडातली गोष्ट सांगतो. बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू, शनवारी घाणा बंद ठेवणारे शनवार तेली, शेकडो वर्षं कोकणात राहिले, बोलणं मराठी, आडनावं पेणकर, किहीमकर अशी गावांची, आणि इथे कुणी त्यांना हात लावला नाही. १९४८ नंतर तरी बहुतेक इस्रायलला गेलेच ना? कुणी हाकललं नव्हतं. म्हणजे माँटेग्यूचं ‘हाकलायला मोकळा’ इथे लागू होत नाही, ओढ खरी होती.

पोटमाळ्यावरचा
आणि गेल्यावर काय झालं तेही सांगा. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या धर्मपीठानं यांच्या लग्नांवर शंका काढली, वंशावळी तपासा म्हणाले, उपोषणं-मोर्चे झाले, १९६४ ला कुठे माघार घेतली. कोकणात तेली म्हणून मान होता आणि हक्काच्या घरी दारात उभं करून ओळखपत्र मागितलं.

रेवदंडेकर
मागितलं, भांडले, जिंकले. परत किती आले? नगण्य. घरात भांडण होतं म्हणून घर खोटं ठरत नाही.

सरळसोट
+१. आणि एक सांगा, १९३९ मध्ये त्याच ब्रिटननं श्वेतपत्रिका काढली, पाच वर्षांत पॅलेस्टाइनमध्ये फक्त ७५,००० ज्यू येऊ शकतील म्हणून. नेमकी हिटलरच्या कत्तलीची वर्षं. माँटेग्यूच्या म्हणण्याप्रमाणे जे ‘जर्मन’ होते त्यांचं जर्मनीनं काय केलं?

पोटमाळ्यावरचा
हा मुद्दा जड आहे, मान्य. माँटेग्यू १९२४ लाच गेला, त्याला हे बघावं लागलं नाही. पण ते पाप युरोपचं, त्याची भरपाई पॅलेस्टाइनमधल्या जाफाच्या संत्रीवाल्यानं का करायची? बाल्फोरनंच १९१९ मध्ये लिहून ठेवलंय की तिथल्या रहिवाशांना विचारण्याचा उपचारसुद्धा करायचा आमचा विचार नाही. असं लिहिणाऱ्याची बाजू तुम्ही कशी काय घेता?

सरळसोट
बाल्फोरची कोण घेतंय? मी वस्त्या करणाऱ्यांची घेतोय. साहेब गेला असता खड्ड्यात तरी ते आलेच असते.

नकाशेवाला
आले असते हो. पण मागे ब्रिटिश फौज उभी नसती.